लिहायचं आज, दाखवायचं सवडीनं



गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावाहून जाडजूड पाकीट आलं. आत फुलस्केपचे सात कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. लिहिणाऱ्या बाईंचं वय बेचाळीस, लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, दोन मुलं, घरी सासूबाई. आणि प्रश्न विचारलाय अगदी शेवटच्या पानावर, एका ओळीत: ‘मला लिहावंसं वाटतं, पण भीती वाटते. सुरुवात कशी करू?’

आता बघा, सात कागद भरून झाल्यावर बाई विचारतात, सुरुवात कशी करू!

त्यांच्या पत्रातला चौथा कागद मी दोनदा वाचला. त्यांच्या परवानगीनं थोडक्यात सांगते. सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. साखर, तूप, सुका मेवा, सारं फडताळात, कुलपात. सून आल्यावरही ती किल्ली कधी खाली आली नाही. एका दुपारी सासूबाई फडताळापुढे बराच वेळ उभ्या होत्या. बोटांनी किल्ली फिरेना. त्यांनी काही न बोलता जुडगा सोडून सुनेच्या हातात दिला आणि जाऊन पडून राहिल्या. बाई लिहितात, ‘इतकी वर्षं ज्या किल्लीवरून मनात धुसफुसले ती हातात आली, तर मला रडूच आलं. त्या दुपारी आम्ही दोघीही जेवलो नाही.’

आणि लगेच पुढे: ‘पण हे लिहिलं नि घरात कुणी वाचलं तर? नातेवाईक काय म्हणतील? सासूबाईंना काय वाटेल? म्हणून वही तांदळाच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली आहे.’

ताई, तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पण ती लिहिण्याची नाही, दाखवण्याची आहे. लिहिणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण ती एकाच वेळी करायला जातो आणि मग पहिलं वाक्य लिहितानाच मागे जाऊबाई उभ्या असल्यासारखं वाटतं.

माझंच सांगते. माझी पहिली कथा मी पूर्ण केली आणि त्याच संध्याकाळी, शाई वाळली न वाळली तोच, यजमानांपुढे ठेवली. त्यांनी चहा पिता पिता वाचली आणि म्हणाले, ‘चांगली आहे. शुद्धलेखन तेवढं बघ.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर दोन वर्षं मी पेन हातात धरलं नाही. कच्चं होतं तेव्हाच दाखवलं, ही चूक माझी. कैरीचं लोणचं घातल्यावर बरणीला दादरा बांधतो आणि दूर ठेवून देतो ना? दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पानात वाढत नाही. तसंच हे.

आपल्याकडच्या मोठ्या लेखिकांनीही दाखवण्याची घाई केलेली नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या समाजाचं आणि स्वतःचं जगणं लिहून काढलं आणि ते वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८२ साली ते ‘स्त्री’मधून क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. लपवलं म्हणून ते कमी खरं झालं का? उलट, कुणी बघत नाही म्हणून जसं आहे तसं लिहिता आलं. मालतीबाई बेडेकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं त्यांनी इतकं उघड मांडलं की केवढं वादळ उठलं! टोपणनावाआड राहून त्यांनी ते सोसलं.

आणि शुद्धलेखनाची धास्ती असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची आठवण ठेवा. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या या बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपानं आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. घरात बोलावं तसं त्यांनी लिहिलं आणि तीच त्या पुस्तकाची गोडी. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता येतच नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरच्या माणसांनी उतरवून घेतली. त्या १९५१ साली गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ साली. कुणी टिपून ठेवलं नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

तेव्हा आता कामाचं बोलू.

एक वही वेगळी करा. धोब्याचा हिशेब आणि मुलांचा अभ्यास तिच्यात नको. मोबाईलवर लिहिणं सोयीचं वाटत असेल तर तसं लिहा, पण मुलं खेळायला घेतात तो मोबाईल नको. रोज पंधरा मिनिटं, एका ठरावीक वेळी. दुपारची झाकपाक झाल्यावर किंवा सकाळी डबे गेल्यावर. ‘सवड मिळाली की लिहीन’ म्हणाल तर ती मिळायची नाही.

‘माझं आयुष्य’ असा विषय घेऊन बसू नका. एवढं मोठं गाठोडं एका हातानं उचलत नाही. एकच वस्तू घ्या: किल्ल्यांचा जुडगा, पहिला गॅस, माहेरची पितळी कळशी, मोडलेलं शिवणयंत्र. ती कुठं होती, कोण हाताळायचं, तिच्यावरून काय झालं, एवढंच लिहा. ‘ममतेचा सागर’, ‘अश्रूंचा बांध’ असले शब्द आले तर खुशाल खोडा. ‘जेवलो नाही’ या दोन शब्दांत जे आलं ते सागरात येत नाही.

लिहून झालं की आठ दिवस वही उघडू नका. मग घरात कुणी नसताना मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळेल तिथं वाक्य मोडा. पहिला परिच्छेद बहुधा काढून टाकता येतो. पाणी तापेपर्यंतची ती खटपट असते. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, कोश शेजारी घेऊन.

आता दाखवायचं. आधी एकाच व्यक्तीला, आणि तीही घरातली नको. वाचनाची आवड असलेली मैत्रीण, ग्रंथालयातल्या बाई, जुन्या शिक्षिका. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. सगळे ‘छान’ म्हणतात. ‘वाचताना कंटाळा कुठं आला?’ असं विचारा. त्यातून खरं काय ते कळेल.

मासिकाला पाठवायचं असेल तर आधी त्याचे दोन-तीन अंक नीट वाचा. कथा किती मोठी लागते, ई-मेल चालते की टपालानंच हवं, हे पाहून घ्या. प्रत स्वतःजवळ ठेवा. एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी धाडू नका. दिवाळी अंकासाठी आकाशकंदील लागायची वाट पाहू नका, पावसाळ्यातच चौकशी करा. आणि ‘साभार परत’ आलं, तर आपल्यालाच नाकारलं असं समजू नका. माझ्या पुढच्या पाच कथा परत आल्या. त्यातल्या दोन मी पुन्हा लिहिल्या, तीन परत यायच्याच लायकीच्या होत्या.

राहिली घरच्या माणसांची गोष्ट. वहीत सगळं लिहा, तिथं पडदा नको. छापायला देताना मात्र थांबून विचार करा. नाव, गाव, नातं बदलता येतं. जे दुःख तुमचं आहे ते तुम्ही सांगू शकता. पण दुसऱ्या कुणाचं झाकलेलं दुखणं असेल, आणि ते माणूस आपल्यातच असेल, तर त्याला विचारल्याशिवाय ते बाहेर काढू नये. या विचारण्यानं एखादा लेख वहीतच राहील. राहू दे. तो लिहून झालेला आहे.

हे सगळं मी त्या बाईंना कळवलं. परवा त्यांचं दुसरं पत्र आलं, या वेळी दोनच पानं. त्यांनी किल्ल्यांचं पान नीट लिहून काढलं, आठ दिवस ठेवलं, मैत्रिणीला दाखवलं. छापायला देण्याआधी एका दुपारी धीर करून सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, ‘अगं, बोटं बरी होती माझी. किल्ल्या द्यायच्याच होत्या मला तुला. तशा द्यायला जमेना, म्हणून बोटांचं निमित्त केलं.’

बाई आता ते पान पुन्हा लिहीत आहेत. वही खाली आली आहे. तांदळाचा डबा घासून उन्हात ठेवलाय म्हणे.