मुखवट्यामागचा थोरला भाऊ

मानेसरच्या पोस्टिंगमध्ये ‘स्पीड रेसर’ पुन्हा पाहिली, या वेळी डीव्हीडीवर. जपानच्या तात्सुनोको स्टुडिओची ही ५२ भागांची कार्टून मालिका १९६७-६८ सालची. लहानपणी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर ती पाहताना सगळा जीव ‘माक फाइव्ह’ गाडीत अडकलेला असायचा. स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं की गाडी उडी मारायची, दुसऱ्याने पुढे करवती येऊन झाडं कापायच्या, आणखी एकाने ती पाण्याखालीही चालायची.

आता नजर खिळते ती रेसर एक्सवर. वडिलांशी भांडून घर सोडलेला हा थोरला भाऊ मुखवटा घालून शर्यतीत उतरतो, धाकट्याला संकटातून सोडवतो आणि ओळख न देता निघून जातो.

पडद्यावर हे नाट्य वाटतं. मानेसरात ती नोकरी आहे. १९८४ साली उभ्या राहिलेल्या एनएसजीचा तळ इथेच. काळा गणवेश, झाकलेला चेहरा. २६/११ला मुंबईत उतरलेले कमांडो इथूनच गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट ही नावं देशाला कळली, ती दोघं धारातीर्थी पडल्यावर. काम फत्ते करून परतलेल्या बाकीच्यांपैकी किती नावं आपल्याला सांगता येतील?

म्हणून माझं मत असं: मुलांना ही मालिका जरूर दाखवा, आणि गाडीची मजा त्यांना मनसोक्त घेऊ द्या. पण मुखवटेवाला आला की एवढंच सांगा, हार ज्याच्या गळ्यात पडतो त्याची वाट कुणीतरी आधी मोकळी केलेली असते.