अंगणातील बाग आणि पाण्याचा हिशेब

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, विहिरी तळ गाठू लागतात, आणि तरीही नव्या वसाहतींतून सायंकाळी रबरी नळी हाती धरून हिरवळ भिजविणारे गृहस्थ दृष्टीस पडतात. त्यांच्या हौसेबद्दल आमची तक्रार नाही. तथापि या हौसेला किती पाणी लागते, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर पाणी खर्चणे. शंभर चौरस मीटर हिरवळीला दररोज अवघे ५ मिलिमीटर पाणी दिले असे धरले, तरी ५०० लिटर होतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका अंगणातील गवत नऊ माणसांच्या वाट्याचे पाणी पिते!

पाणीपट्टी वर्षाकाठी ठोक भरावयाची असेल तेथे हा खर्च बागवाल्याला जाणवत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, प्रत्येक जादा बादलीची किंमत त्याच्या लेखी शून्य असते. ती भरतो वस्तीच्या टोकाचा रहिवासी, ज्याच्या नळाला सर्वांत शेवटी धार येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा पाण्याची खरी किंमत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

मग अंगणे उजाड ठेवावीत काय? मुळीच नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. उरलेले आठ महिने थोड्या पाण्यावर तग धरील अशीच झाडे निवडावीत. बोगनवेल पाणी बेताचे मिळाले की अधिक बहरते. चाफा पाने गाळून उन्हाळा काढतो, कोरफड पानांतच पाणी साठविते, तर गुलबक्षी जमिनीतील कंदाच्या आधारे टिकून पावसात पुन्हा फुटते. सदाफुली आणि कण्हेरही काटक. मात्र कण्हेर विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी नको. जागा मोठी असल्यास बहावा लावावा. ऐन वैशाखात तो सोनेरी घोसांनी लगडतो.

काटक झाडांनाही पहिली एक-दोन वर्षे पाणी द्यावेच लागते. शिवाय आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. प्रस्तुत लेखकाने पहिली बोगनवेल सपाट काळ्या मातीत लावली आणि श्रावणातच मुळे कुजून ती गेली. मुरूम मिसळून वाफा उंच केल्यावर दुसरी जगली. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि रोज वरवर शिंपण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने मुळांपर्यंत पोहोचेल असे पाणी द्यावे.

सेवाग्रामच्या आश्रमात कस्तुरबांनी बकुळ लावली. साधेपणाच्या त्या परिसरातही फुलांना मज्जाव नव्हता, हे ध्यानात घ्यावे. येत्या मृगात हिरवळीचा निम्मा तुकडा काढून तेथे चाफा किंवा बोगनवेल लावली, तर वरील हिशेबाने उन्हाळ्यात दररोज सुमारे अडीचशे लिटर पाणी वाचू शकेल. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरालाही हे सहज परवडण्याजोगे आहे.