अडकलेले बोट

सकाळी उठावे तो एक बोट तळहाताकडे वाकलेलेच असते. दुसऱ्या हाताने सरळ करू जाता ते ‘खट्’ करून उघडते आणि कळ मस्तकात जाते. ‘वयच झाले, संधिवात असेल’ असे म्हणून आपण हे दुखणे अंगावर काढतो. वास्तविक हा संधिवात नव्हे. यास ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात.

परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी, तशी बोट मिटणारी कंडरा एका आवरणातून सरकते. बोटाच्या मुळाशी या आवरणाचे तोंड जाड व अरुंद झाले आणि कंडरेवर सूज आली, की नाडीची गाठ अडावी तसे बोट अडते. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो.

प्रारंभी विश्रांती, बोटाला आधारपट्टी आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन यांनी पुष्कळांना आराम पडतो. इंजेक्शननंतर काही दिवस रक्तशर्करा वाढू शकते. मधुमेहींनी ती तपासत राहावी. एवढ्याने भागले नाही, किंवा दुसऱ्या हातानेही बोट सरळ होईना, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. दीर्घकाळ वाकलेला सांधा आखडतो. मग कंडरा मोकळी केली तरी बोट पूर्ण सरळ होईलच असे नाही.

शस्त्रक्रिया या शब्दाने धास्तावू नका. सामान्यतः तेवढाच भाग बधिर करून तळहातावर सुमारे १ ते २ सेंटिमीटरचा छेद घेतात आणि नेफ्याचे तोंड तेवढे उकलतात. नाडी कापली जात नाही. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी निघतात. जंतुसंसर्ग, बोटाचा ताठरपणा किंवा मज्जातंतूला इजा हे धोके क्वचित संभवतात. त्यांविषयी शल्यविशारदांना आधीच विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी, मनाने बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ‘हात मुळीच हलवू नका’ असे मायेपोटी बजावू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर त्याच दिवसापासून बोट हळूहळू मिटावे व उघडावे. जखम कोरडी आणि हात उंचावर ठेवावा. लाली, पू, ताप किंवा बोटाला बधिरपणा जाणवल्यास त्वरित दाखवावे. सदऱ्याचे बटण, काठीची मूठ, हातातला घास हे सारे या एका बोटाच्या आधारे चालते. वृद्धाचे स्वावलंबन जपायचे, तर ही तक्रार क्षुल्लक मानून चालणार नाही.