रोपासंगे रोग येतो



आज एका परदेशी झाडाची ओळख करून घेऊ. ते आपल्या रानात लावायचे नाही. पण रोपे विकत घेणाऱ्या प्रत्येकाने त्याची हकिगत ऐकावी.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत पांढरा पाइन वाढतो. तो दीडशे फुटांपर्यंत सहज जातो. पाने सुईसारखी, पाच-पाचांच्या जुडीत. आयडाहो राज्याने 1935 साली त्याला राज्यवृक्षाचा मान दिला. लाकूड हलके, मऊ आणि सरळ रेषांचे. त्यावर रंधा सहज चालतो, खिळा मारला तर सहसा चिरत नाही, वाळल्यावर फारसे वाकत नाही. म्हणून दारे, खिडक्या, फळ्या, ओतकामाचे साचे आणि एके काळी आगकाड्याही याच्याच होत.

एवढ्या गुणी झाडाचा घात कशाने झाला? बाहेरून आणलेल्या रोपांनी. 1910 च्या सुमारास फ्रान्समधून पांढऱ्या पाइनची रोपे कॅनडातील व्हँकुव्हरला आली. त्यांच्यासोबत तांबेराही आला. लागण झाल्यावर खूण दिसायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे रोप पाहून काही कळत नाही. 1921 साली रोग ध्यानात आला, तोवर तो रानात शिरला होता.

हा तांबेरा गव्हावरच्या तांबेऱ्याच्या जातकुळीतला. तो पाइनवरून थेट पाइनवर जात नाही. मध्ये रायबिस नावाचे झुडूप लागते. झुडपावरून बुरशीचे बीजाणू सुयांवर येतात, तिथून फांदीत उतरतात आणि खोडाची साल चहूबाजूंनी मारतात. झाड उभ्याउभ्या वाळते.

म्हणून 1930 नंतर हजारो माणसे लावून रायबिस उपटले गेले. पण राहिलेल्या मुळ्या फुटत आणि जमिनीतले बी उगवत असे. शेवटी 1950 पासून, रोगट रानातही तग धरलेल्या झाडांचा संकर करून प्रतिकारक रोपे तयार करण्यात आली. आज लागवड त्यांचीच होते. मात्र जुनी राने पूर्वीसारखी भरली नाहीत.

आपण यातून काय घ्यावे? रोपे नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. तेल्या पडलेल्या डाळिंबाच्या बागेतली गुटी कोणी फुकट दिली तरी आणू नका. रोप स्वस्त मिळाले म्हणून लावाल, तर त्याची किंमत पुढे अख्खी बाग देईल.