इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या श्रेणी : अल्प मुदतीचे करार, डळमळते क्लब आणि नव्या कायद्याची कसोटी

इंग्लंडमध्ये मे महिना हा विजेतेपदाच्या मिरवणुकांचा महिना असतो. त्याच सुमारास खालच्या श्रेणींतील क्लब आपापली एक यादी प्रसिद्ध करतात. यादीच्या एका भागात कायम ठेवलेल्या खेळाडूंची नावे असतात, दुसऱ्या भागात मुक्त केलेल्यांची. दुसऱ्या भागात नाव आलेल्या खेळाडूचा करार साधारणपणे ३० जून रोजी संपतो. त्यानंतर घरभाडे, मुलांची शाळा आणि पुढील हंगामाचे गाव, सारेच अनिश्चित होते. प्रीमियर लीगमधील कोट्यवधींच्या व्यवहारांच्या बातम्या जगभर पोहोचतात. मात्र इंग्लंडमधील बहुसंख्य व्यावसायिक फुटबॉलपटूंचे आयुष्य या यादीभोवती फिरते.

या पार्श्वभूमीवर २१ जुलै २०२५ रोजी राजसंमती मिळालेला फुटबॉल प्रशासन कायदा महत्त्वाचा ठरतो. या कायद्याने इंग्लंडमधील पुरुष फुटबॉलच्या वरच्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. क्लब दिवाळखोरीत जाऊ नयेत, हा त्यामागील मुख्य हेतू. मात्र क्लब वाचला म्हणजे त्यात खेळणाऱ्याची उपजीविका सुरक्षित झाली का, हा प्रश्न कायदा झाल्यानंतरही उरतोच.

इंग्लिश फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. १८८८ मध्ये १२ क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग स्थापन केली. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीतील क्लब तिच्यातून बाहेर पडले आणि प्रीमियर लीग जन्माला आली. आज प्रीमियर लीगमध्ये २० क्लब आहेत. त्याखालील चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन श्रेणींत प्रत्येकी २४, म्हणजे एकूण ७२ क्लब आहेत. पाचव्या पायरीवर २४ क्लबांची नॅशनल लीग असून तिच्याखाली प्रादेशिक स्पर्धांचे मोठे जाळे पसरले आहे. प्रत्येक हंगामाअखेर बढती आणि पदावनती होते. तत्त्वतः गावच्या मैदानावरील संघही सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचू शकतो. या खुलेपणाचा इंग्लिश फुटबॉलला अभिमान आहे. पण खालच्या श्रेणींतील असुरक्षिततेचे मूळही त्यातच आहे. एक श्रेणी घसरताच क्लबचे उत्पन्न आटते, आणि अनेक करारांत पदावनतीबरोबर वेतनकपातीची तरतूद आधीच लिहिलेली असते.

या खेळाडूंचे काम कमी कष्टाचे नाही. २४ संघांच्या श्रेणीत प्रत्येक संघाला साखळीचे ४६ सामने खेळावे लागतात. चषक स्पर्धांचे सामने वेगळे. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री पुन्हा सामना आणि मध्ये देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसचा प्रवास, असा हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत चालतो. करार बहुधा एक किंवा दोन वर्षांचे. ज्याला तोही मिळत नाही, तो महिन्या-दोन महिन्यांच्या करारावर किंवा दुसऱ्या क्लबकडे उसनवारीवर खेळतो. कराराच्या अखेरच्या वर्षात गुडघा दुखावला, तर शस्त्रक्रियेइतकीच चिंता पुढच्या कराराची असते.

कराराचा हा प्रश्न जुना आहे. मँचेस्टरमध्ये १९०७ साली स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेने अनेक दशके दोन बंधनांविरुद्ध लढा दिला. पहिले बंधन कमाल वेतनाचे. आठवड्याला २० पौंडांची ही मर्यादा संपाच्या इशाऱ्यानंतर १९६१ मध्ये उठली. दुसरे बंधन करार संपल्यानंतरही खेळाडूला अडवून ठेवण्याच्या क्लबांच्या अधिकाराचे. जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात १९६३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरवली. पुढे १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालाने कराराची मुदत संपलेल्या खेळाडूला शुल्काविना अन्य क्लबकडे जाण्याची वाट खुली केली. मागणी असलेल्या खेळाडूला या स्वातंत्र्याने श्रीमंत केले. ज्याला मागणी नाही, त्याच्यासाठी मात्र मुदत संपणे म्हणजे बेरोजगारीच ठरली. पूर्वी क्लब खेळाडूला सोडत नसे, आता तो सहज सोडतो.

तरीही दरवर्षी शेकडो तरुण या शिडीवर पाय ठेवतात, कारण तिच्यावरून वर गेलेल्यांची उदाहरणे खरी आहेत. जेमी वार्डी यांना शेफील्ड वेन्स्डे क्लबने किशोरवयातच नाकारले. त्यानंतर ते कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून खेळले. तेथे त्यांना आठवड्याला सुमारे ३० पौंड मिळत. हॅलिफॅक्स आणि फ्लीटवूडमार्गे २०१२ मध्ये ते दहा लाख पौंडांच्या शुल्कावर लेस्टर सिटीत आले. लेस्टरने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली, त्या हंगामात वार्डी यांनी सलग ११ सामन्यांत गोल केले. रिकी लँबर्ट यांची कथाही अशीच आहे. लिव्हरपूलच्या युवा विभागातून बाहेर पडावे लागल्यानंतर त्यांनी काही काळ बीट डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम केले. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल आणि ब्रिस्टल रोव्हर्स असा प्रवास करत ते साउदॅम्प्टनला पोहोचले. ऑगस्ट २०१३ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांनी स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पदार्पण केले आणि चेंडूला झालेल्या पहिल्याच स्पर्शात गोल नोंदवला.

या यशोगाथा सांगताना एक बाब सहसा सुटते. वार्डी आणि लँबर्ट ज्या पायऱ्यांवरून चढले, त्यातील कित्येक पायऱ्या मोडल्या आहेत. मॅकल्सफील्ड टाउनला थकीत देण्यांमुळे सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने गुंडाळण्याचा आदेश दिला. स्टॉकपोर्ट कौंटी २०११ मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला, पुढे सहाव्या श्रेणीपर्यंत घसरला आणि २०२२ मध्येच परतू शकला. वार्डी ज्या हॅलिफॅक्सकडून खेळले, तो क्लबही जुना क्लब २००८ मध्ये बुडाल्यानंतर नव्याने उभा राहिलेला होता. अपयशातून पुन्हा उठण्याची संधी देणारे हे क्लब नसते, तर त्या दोघांचे नावही कोणाला माहीत झाले नसते.

भारतीय वाचकांना परिचित असलेली एक पायरीही अशीच निखळली. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये ज्या बरी क्लबमध्ये दाखल झाले, तो तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९०० आणि १९०३ मध्ये एफए चषक जिंकला होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडात नव्या मालकाकडे गेला. २०१९ च्या वसंतात वेतन थकलेले असतानाही खेळाडूंनी संघाला लीग टूमधून बढती मिळवून दिली. पण पुढील हंगामाचा पैसा कोठून येणार, याचा पुरावा क्लबला देता आला नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगने त्याची हकालपट्टी केली. सव्वाशे वर्षांचे सदस्यत्व एका दिवसात संपले. संघबांधणी बहुतेक ठिकाणी पूर्ण झालेली असताना खेळाडूंना ऑगस्टअखेर नवे काम शोधावे लागले. २०२३ मध्ये बरीचे नाव आपल्या जुन्या गिग लेन मैदानावर परतले, पण नवव्या श्रेणीत.

अशा पडझडीची कारणे केवळ एखाद्या मालकाच्या गैरव्यवस्थापनात नाहीत. प्रीमियर लीग आणि तिच्याखालील श्रेणी यांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातील दरी प्रचंड आहे. वरून घसरलेल्या क्लबांना तीन वर्षांपर्यंत विशेष अनुदान मिळते, त्यामुळे त्यांच्याशी बरोबरी साधण्यासाठी इतर क्लब ऐपतीबाहेर खर्च करतात. चॅम्पियनशिपमध्ये अनेक हंगामांत क्लबांचा एकत्रित वेतनखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा अधिक राहिला आहे. ही तूट मालकाच्या खिशातून भरली जाते. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये विकत घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स १९९५ चा प्रीमियर लीग विजेता आहे. तो २०१२ मध्ये वरच्या श्रेणीतून घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभरात दुसऱ्या श्रेणीत परतला. या काळात क्लबचा आधार मालकांनी सातत्याने ओतलेला पैसाच होता. जेथे मालकाचा हात आखडतो किंवा इच्छा संपते, तेथे पहिला फटका पगाराच्या तारखेला बसतो.

वेतनखर्चाला आवर घालण्याचा एक प्रयत्न ऑगस्ट २०२० मध्ये झाला. लीग वनच्या संघांसाठी २५ लाख आणि लीग टूच्या संघांसाठी १५ लाख पौंडांची वार्षिक वेतनमर्यादा क्लबांनी मंजूर केली. खेळाडूंशी योग्य सल्लामसलत न करता ती लादल्याचा आक्षेप संघटनेने घेतला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने ती रद्द केली. क्लबांना स्थैर्य हवे आणि खेळाडूंनाही. मात्र त्याची किंमत कोणी मोजायची, याचे उत्तर तेव्हा मिळाले नाही.

खेळाडूंना एक संरक्षण पूर्वीपासून आहे. क्लब दिवाळखोरीत गेला, तरी लीगमध्ये टिकायचे असेल तर खेळाडूंचे वेतन आणि अन्य क्लबांची देणी त्याला पूर्ण चुकवावी लागतात. मैदानाची निगा राखणारा कर्मचारी, स्थानिक पुरवठादार किंवा सरकारी करखाते यांना असा अग्रक्रम नाही, म्हणून या नियमावर टीकाही होते. शिवाय क्लब टिकला तरच तो लागू पडतो. बरीसारखा क्लब लीगबाहेर गेला, की या नियमाचा आधारही जातो.

२०२५ चे वर्ष याच दुखण्याची नवी उदाहरणे घेऊन आले. मोरकम क्लब १८ वर्षांनंतर लीग टूमधून घसरला, वेतन रखडले आणि जुलैमध्ये नॅशनल लीगने त्याला निलंबित केले. १७ ऑगस्ट रोजी पंजाब वॉरियर्स या गुंतवणूकदार गटाने तो ताब्यात घेतला. त्यानंतर तिशीतील अश्वीर सिंग जोहल यांची प्रशिक्षक-व्यवस्थापकपदी नियुक्ती झाली. वरच्या पाच श्रेणींतील ते पहिले शीख व्यवस्थापक ठरले. शेफील्ड वेन्स्डेमध्येही वर्षभरात अनेकदा पगार लांबले आणि ऑक्टोबरमध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. नियमानुसार संघाचे १२ गुण कापले गेले. मालकाच्या आर्थिक चुकीची शिक्षा अशी मैदानावर भोगावी लागते आणि ती वेतनासाठी ताटकळलेल्या खेळाडूंच्याच वाट्याला येते.

नव्या कायद्याची मांडणी या अनुभवांतून झाली आहे. ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखालील आढाव्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली होती. पहिले विधेयक २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीमुळे बारगळले, नव्या सरकारने ते पुन्हा मांडले. आता पाच श्रेणींतील ११६ क्लबांना परवाना घ्यावा लागेल, आर्थिक आराखडा सादर करावा लागेल आणि मालक व संचालकांची पात्रता नियामक तपासेल. प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणी यांच्यात उत्पन्नवाटपावर एकमत न झाल्यास हस्तक्षेपाचा अधिकारही नियामकाला आहे. प्रत्येक पौंड कोठून येतो, हे आधी विचारले गेले असते, तर बरीची वेळ कदाचित टळली असती.

मात्र क्लबांचे आर्थिक स्थैर्य, संपूर्ण व्यवस्थेची टिकाऊ क्षमता आणि क्लबांच्या वारशाचे जतन ही नियामकाची तीन मुख्य उद्दिष्टे आहेत. कराराची किमान मुदत, दुखापतीनंतरचा आधार किंवा अठराव्या वर्षी युवा विभागातून वगळलेल्या मुलाचे शिक्षण हे विषय त्यांत येत नाहीत. उलट खर्चावर काटेकोर नजर ठेवली गेल्यास क्लब संघ लहान ठेवतील आणि करार आणखी आखूड करतील, ही शक्यता आहे. तसे झाले तर ताळेबंद सुधारेल, पण त्याचा भार पुन्हा यादीच्या दुसऱ्या भागातील खेळाडूच उचलेल.

भारतासाठीही या घडामोडी दूरच्या नाहीत. सुनील छेत्री यांचा २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी ठरलेला करार भारताच्या जागतिक क्रमवारीअभावी काम करण्याचा परवाना न मिळाल्याने फिसकटला. आपल्याकडे तर २०२५ च्या उन्हाळ्यात इंडियन सुपर लीगचे भवितव्यच अधांतरी झाले आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन स्थगित केले. दोन्ही देशांतील व्यवस्था भिन्न आहेत, तथापि स्पर्धेची आर्थिक घडी विस्कटली की सर्वांत आधी खेळाडूचे घर अडचणीत येते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

नियामकाच्या यशाचे मोजमाप वाचलेल्या क्लबांच्या संख्येने होईल आणि ते योग्यही आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतील : महिनाअखेरीस खेळाडूच्या खात्यात वेतन वेळेवर जमा होते का, आणि मे महिन्यात मुक्त झालेल्याला सावरण्यासाठी कोणती व्यवस्था उभी राहते. पुढचा वार्डी आज कदाचित अशाच एखाद्या क्लबमध्ये वर्षभराच्या करारावर खेळत असेल. तो वर जाईल की नाही, हे त्याच्या गुणवत्तेवर ठरेल. पण त्याच्या पायाखालची पायरी टिकवण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे.