माळढोकची हद्द आणि आपला सातबारा

१९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात मुंबईसारखी चौदा शहरे मावतील. पक्षी राहतो उघड्या माळावर. हद्दीत मात्र गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीचे व्यवहार अडले. २०१२ साली ती हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. मध्ये तेहतीस वर्षे गेली! आणि माळढोक? तो आता तिथे क्वचितच दिसतो.

हद्द एकदा पक्की झाली की बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. म्हणून जागे राहायचे ते आधीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर जिल्हाधिकारी गावोगावी स्थानिक भाषेत घोषणा काढतात. त्या तारखेपासून दोन महिन्यांत लेखी हक्क सांगायचा. चराईसारखा हक्कही सांगता येतो, त्यामुळे ‘आपला कुठे सातबारा आहे?’ म्हणून भूमिहीनांनी घरी बसू नये. अर्जाची पोच मात्र शिक्का व तारखेसह घ्यावी. आम्ही कारकून मंडळी पोच नसलेला अर्ज आलाच नाही म्हणतो!