केशवृद्धीच्या गोळ्या

श्रीगजानन महाराजांमुळे शेगाव हे नाव आपल्या घरोघरी परिचयाचे आहे. त्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव व आसपासच्या काही खेड्यांत 2024 सालच्या डिसेंबरअखेरीस एक विलक्षण प्रकार घडला. माणसांचे केस अकस्मात गळू लागले. प्रथम डोक्याला खाज, मग केसांचे पुंजके हातात येणे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल! स्त्रिया, पुरुष, शाळकरी मुले, कोणीच त्यातून सुटले नाही. कोणी पाण्याचा संशय घेतला, कोणी बुरशीचा. पुढे तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाच्या द्रव्याचे प्रमाण वाजवीपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2025 च्या फेब्रुवारीत असा निष्कर्ष मांडला की, हे सेलेनियम लोकांच्या पोटात गेले ते रेशनच्या गव्हावाटे.

आता हे सेलेनियम म्हणजे काही जहाल विष आहे काय? मुळीच नाही. अत्यल्प प्रमाणात ते शरीराला हवेच असते. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे 55 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतील 55 भाग, एवढे ते पुरते. परंतु केस वाढविण्यासाठी म्हणून ज्या गोळ्या आज दुकानांत आणि घरपोच मिळतात, त्यांतील कित्येकांच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत ह्याच सेलेनियमचे नाव असते! ज्याच्या अतिरेकाने खेड्यांतील लोकांचे केस गेले, तेच आपण केस यावेत म्हणून विकत घेतो. लेबलाप्रमाणे एक गोळी घेतल्याने टक्कल पडेल असे मी म्हणत नाही. पण लेबलावर तरी किती विसंबावे? 2008 साली अमेरिकेत एका पोषक पेयात चुकून लेबलावरील मात्रेच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम मिसळले गेले. ते पिणाऱ्या सुमारे दोनशे जणांस बाधा झाली, आणि त्यांतील पुष्कळांचे केस गळाले.

जीवनसत्त्वांविषयी आपल्या मनात एक भाबडी समजूत घर करून बसली आहे. ‘जीवन’ आणि ‘सत्त्व’ हे दोन्ही शब्द इतके मंगल, की त्यांचा अतिरेक अपायकारक असू शकेल हे मनाला शिवतच नाही. वस्तुतः ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर साचले तर केस गळतात, त्वचा कोरडी पडते, यकृतास इजा होते, आणि गर्भवती स्त्रीच्या बाळालाही धोका पोहोचतो. ‘ब’ व ‘क’ वर्गातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात व जास्तीचा बराच भाग मूत्रावाटे निघून जातो. ‘अ’ आणि ‘ड’ ही मात्र चरबीत विरघळणारी, म्हणून शरीरात साठत जाणारी. एक बाटली केसांची, दुसरी हाडांची, तिसरी ‘शक्तीची’, अशा तीन बाटल्या घेणाऱ्याने तिन्हींवरील आकडे एकदा वहीत मांडून त्यांची बेरीज करावी. पोटात ती बेरीज होतच असते.

मग ‘मला तर गुण आला’ असे शपथेवर सांगणारे खोटे बोलतात काय? नाही, ते खरेच बोलतात. फक्त श्रेय भलत्याला देतात. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, व त्यांतील 50 ते 100 रोज गळणे हा निसर्गक्रमच आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विसावतो आणि मग गळून पडतो. विषमज्वर, डेंग्यू, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमार ह्यांचा आघात झाला, की एकदम पुष्कळ केस विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. तोवर आजार विस्मृतीत गेलेला असतो! मनुष्य घाबरतो, जाहिरातीतील कंबरेपर्यंत रुळणारा केशसंभार पाहतो आणि गोळ्या सुरू करतो. मूळ कारण दूर झालेले असल्यास ही गळती साधारणतः सहा महिन्यांत आपोआप थांबते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे हे. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा ‘पंधरा दिवसांत फरक’ म्हणणाऱ्या जाहिरातीस गणिताच्या तासाला बसवावयास हवे.

खरी उणीव असेल तेथे मात्र गोळी अवश्य घ्यावी, आणि आपल्याकडील मुलींत ती उणीव बहुधा लोहाची असते. 2019 ते 2021 ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वर्षे वयाच्या शंभर मुलींपैकी 59 मुलींत रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले की धाप लागते, अभ्यासात मन लागत नाही आणि केसही गळू शकतात. ह्याच कारणासाठी सरकारी योजनेतून देशभर शाळाशाळांत आठवड्याला एक निळी गोळी, लोहाची व फॉलिक आम्लाची, फुकट दिली जाते. ती कित्येकदा दप्तराच्या तळाशी जाते किंवा खिडकीबाहेर. आणि घरी मात्र शेकडो रुपयांच्या गोड, चघळावयाच्या वड्यांसाठी हट्ट धरला जातो. फुकटची म्हणून हलकी आणि महागाची म्हणून गुणकारी, हे तर्कशास्त्र कोणत्या पुस्तकात शिकविले आहे कोण जाणे! निळी गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते. ह्यापलीकडे लोहाच्या गोळ्या सुरू करावयाच्या त्या रक्त तपासून व डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्या धाकट्या भावंडांच्या हाती लागता कामा नयेत, कारण लहान मुलाने मूठभर गोळ्या गिळल्यास प्राणावर बेतते.

राहता राहिले बायोटिन, ह्या बाजाराचा राजा. माणसाची दिवसाची गरज सुमारे 30 मायक्रोग्रॅम, आणि ती शेंगदाणे, डाळी, अंडी अशा साध्या आहारातून भागते; उणीव क्वचितच आढळते. विकली जाते ती गोळी मात्र पुष्कळदा 10,000 मायक्रोग्रॅमची, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून अधिक! केसांना ह्याचा लाभ होतो असा भक्कम पुरावा निरोगी माणसांत मिळालेला नाही. उलट एक अडचण मात्र निश्चित ठाऊक झाली आहे. रक्तात एवढे बायोटिन असले की कंठग्रंथीच्या व हृदयविकाराच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली तशी जाहीर सूचना दिली. अशा चुकीच्या आकड्यामुळे एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंदही तीत होती. म्हणून रक्त तपासावयास जाताना, ‘हे काही औषध नव्हे’ असे समजून घरातील ज्या गोळीचा उच्चारही कोणी करीत नाही, तिची बाटली बरोबर न्यावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी.